पढतमूर्खांची परीक्षा

माघ वद्य नवमीला सज्जनगडावर गर्दी लोटते. शके १६०३ मध्ये याच तिथीला समर्थ रामदासांनी तिथे देह ठेवला, म्हणून ती दासनवमी. या दिवसांत गावोगावच्या मठांत आणि राममंदिरांत दासबोधाची पारायणे चालतात. त्याच सुमारास, चार दिवस आगेमागे, बारावीची आणि पाठोपाठ दहावीची परीक्षा येते. एका घरात आजी पोथी उघडून बसलेली असते, तर आतल्या खोलीत नातू गाइड उघडून. आज किती उरकायचे हे दोघांचेही ठरलेले असते, आणि दोघांनाही मध्येच कुणी हाक मारलेली खपत नाही. हा योगायोग दरवर्षीचाच, त्यामुळे त्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. पण दासबोधात एक समास असा आहे की, तो परीक्षेच्या मोसमातच वाचावा. मुलांनी नव्हे, मुलांना शिकवणाऱ्यांनी, त्यांचे पेपर काढणाऱ्यांनी आणि एरवी वर्तमानपत्रांत अग्रलेख लिहिणाऱ्यांनी.

वीस दशके, दोनशे समास आणि ७७५१ ओव्यांचा हा ग्रंथ. शिवथरघळीत समर्थांनी तो सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, असे परंपरा मानते. यातला दुसरा दशक मूर्खलक्षणांचा. महाराष्ट्रात दासबोध न वाचलेल्यांनाही मूर्खलक्षणे ऐकून माहीत असतात, कारण कीर्तनकारांनी ती पिढ्यान्पिढ्या रंगवून सांगितली. दोघे बोलत बसले असताना मध्ये जाऊन बसणारा आणि दोन्ही हातांनी डोके खाजवणारा. स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती करणारा. कर्तृत्व काही नाही म्हणून वाडवडिलांची कीर्ती सांगत सुटणारा. वाचताना अक्षरे गाळणारा किंवा पदरची घालणारा. पुस्तक स्वतः कधी वाचत नाही, दुसऱ्याला वाचायला देत नाही, नुसते बांधून ठेवतो, असाही एक इसम त्या यादीत आहे. त्याला ओळखत नाही असा वाचक महाराष्ट्रात नसेल. ही सगळी माणसे समर्थांनी भारतभर पायी हिंडताना जवळून पाहिलेली आहेत, हे कुणी सांगावे लागत नाही. श्रोते हसतात, आपल्या शेजाऱ्याकडे पाहतात आणि आणखी हसतात.

पण दशक तिथे संपत नाही. मूर्खानंतर उत्तम पुरुषाची लक्षणे येतात, मग कुविद्या, भक्ती, रजोगुण, तमोगुण, सत्त्वगुण, सद्विद्या, आणि नवव्या समासात विरक्त. साधकाची वाट इथवर आल्यावर दशक विरक्तापाशी संपला असता तर कुणाची तक्रार नव्हती. समर्थ मात्र दहाव्या समासात पुन्हा मूर्खाकडे वळतात. हा मूर्ख शिकलेला आहे. त्याने ग्रंथ पाहिले आहेत, त्याला ब्रह्मज्ञान स्वच्छ बोलता येते, चार लोकांत त्याला मान आहे. समर्थ त्याला पढतमूर्ख म्हणतात. पहिल्या समासातला मूर्ख वाटेच्या सुरुवातीला भेटतो आणि हा वाट संपत आली असे वाटू लागल्यावर. आमच्या मते त्या दशकाचे सगळे मर्म या मांडणीत आहे. अज्ञानातून बाहेर पडलेल्या माणसासाठीच राखून ठेवलेले एक अज्ञान असते आणि ते विरक्तीच्याही पलीकडे दबा धरून बसलेले असते, हे सांगायला समर्थांना वेगळे तत्त्वज्ञान मांडावे लागलेले नाही. समासांच्या क्रमानेच ते काम केले आहे.

या समासात कीर्तनकारांना फारसे हशे मिळत नाहीत. मुळात ग्रंथ समूळ न पाहता त्याला नावे ठेवणारा. कुणी गुण दाखवला की त्यातला अवगुण हुडकणारा. जाणतेपणाच्या भरात इतका चढणारा की आलेला राग आवरत नाही. अधिकार नसताना व्याख्याने झोडणारा. आणि या सगळ्यांत बोचरा तो, जो दुसऱ्याला ज्या दोषावरून बोल लावतो तो दोष स्वतःपाशीच आहे हे ज्याला कळत नाही. खुद्द समर्थांविषयी महाराष्ट्रात दोन तट आहेत आणि दोन्ही तटांवरून वर्षभर दारूगोळा उडत असतो. दोन्हीकडच्या किती वीरांनी दासबोध पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत वाचला आहे, याची मोजदाद एकदा व्हावी. समूळ ग्रंथ न पाहण्याच्या लक्षणापाशी तरी दोन्ही तटांचे एकमत होईल.

जगातल्या बहुतेक जुन्या शहाणपणाचा रोख हाच आहे. अडाण्याला कमी लेखण्यात त्याला रस नाही. त्याचा निशाणा अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालेल्यांवर असतो. भर्तृहरीने नीतिशतकाच्या सुरुवातीलाच सांगून टाकले आहे की अडाण्याची समजूत घालणे सोपे, जाणत्याची त्याहून सोपी, पण थोडक्याशा ज्ञानाने जळून गेलेल्याला ब्रह्मदेवही वळवू शकत नाही. वामन पंडितांनी हे शतक मराठीत आणले, तेव्हा महाराष्ट्राला हे विचार निदान साडेतीनशे वर्षे ठाऊक आहेत. गीतेचा तेरावा अध्याय ज्ञान म्हणजे काय हे सांगू लागतो, तेव्हा त्या यादीत पहिले नाव अमानित्वाचे येते, मानाची हाव नसण्याचे. यादी पुढे बरीच लांबते, पण अमुक इतके पाठ असले की ज्ञान झाले, असे कलम तिच्यात नाही. ज्ञानेश्वरांनी त्या पाच श्लोकांवर ओव्यांमागून ओव्या खर्चल्या आणि आपले जाणतेपण लपवून वेड्यासारखा वावरणारा माणूस अमानित्वाचा नमुना म्हणून उभा केला.

ग्रीसमध्येही हेच, फक्त सांगण्याची तऱ्हा निराळी. डेल्फीच्या अपोलोच्या मंदिरात तीन वचने कोरलेली होती असे प्राचीन लेखक सांगतात. पहिली दोन जगभर गेली: स्वतःला ओळखण्याचे आणि कशाचाही अतिरेक न करण्याचे. तिसरे मात्र कुणाच्या दिवाणखान्यात लटकलेले दिसत नाही, कारण ते ऐकायला फारच रोखठोक आहे: कुणाला जामीन राहशील तर गोत्यात येशील. पतसंस्थेच्या कर्जाला मित्राखातर सही करून पुढची दहा वर्षे हप्ते भरलेल्या माणसांना या वचनाचे भाष्य नको. पण जुन्या काळीच काहींनी त्याचा अर्थ पैशांच्या पुढे नेला. माणसांच्या व्यवहाराबद्दल हमी देऊन बोलू नये, 'हे असेच आहे, लिहून घ्या' असे म्हणू नये, असा तो अर्थ. तसे पाहिले तर तिन्ही वचने एकाच घरातली वाटतात. स्वतःची मर्यादा ओळखावी, ती ओलांडू नये आणि मर्यादेपलीकडच्या गोष्टीला जामीन राहू नये.

याच डेल्फीच्या देववाणीने सॉक्रेटिसहून शहाणा कुणी नाही असा कौल दिला, आणि आपल्याला तर काही कळत नाही या पेचात पडलेला सॉक्रेटिस शहाण्यांच्या शोधात अथेन्सभर हिंडला. इ. स. पूर्व ३९९ मध्ये झालेल्या खटल्यातले त्याचे भाषण प्लेटोने लिहून ठेवले आहे, त्यात ही हकिकत येते. तो राज्यकर्त्यांकडे गेला, कवींकडे गेला, शेवटी कारागिरांकडे गेला. पहिल्या दोघांची फजिती सगळे चवीने सांगतात. खरी गंमत तिसऱ्या भेटीत आहे. कारागिरांना त्यांचे काम खरोखरच येत होते, सॉक्रेटिसपेक्षा कितीतरी जास्त येत होते, आणि हे तो मोकळेपणाने मान्य करतो. त्यांची चूक एवढीच की, आपल्याला हे येते म्हणून बाकीच्या मोठ्या गोष्टींतलेही कळते, असे त्यांनी गृहीत धरले. आजचे नामवंत सर्जन अर्थव्यवस्थेवर, अर्थतज्ज्ञ साथीच्या रोगांवर आणि अभिनेते दोन्हींवर बोलतात, तेव्हा हा कारागीर अडीच हजार वर्षांनंतरही धडधाकट असल्याची खात्री पटते.

ज्यांना जुन्यापेक्षा प्रयोगशाळेतले प्रमाण जास्त पटते त्यांच्यासाठी कॉर्नेल विद्यापीठातल्या क्रूगर आणि डनिंग यांचा १९९९ चा शोधनिबंध आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना विनोदाची जाण, तर्क आणि व्याकरण यांच्या चाचण्या दिल्या आणि आपण इतरांच्या तुलनेत कुठे असू याचा अंदाज विचारला. तळाच्या चौथाईतली मुले शंभरांत साधारण बाराव्या पायरीवर होती. स्वतःला ती बासष्टाव्या पायरीवर समजत होती. वर असलेल्या मुलांनी उलट स्वतःला थोडे खाली धरले. या निष्कर्षातला काही भाग निव्वळ आकडेशास्त्राचा खेळ आहे, अशी टीका पुढे झाली आणि ती दुर्लक्षण्यासारखी नाही. पण त्या निबंधाचे जे झाले ते दासबोधाच्या दहाव्या समासाच्या वळणावरच झाले. त्या दोन शास्त्रज्ञांची नावे आता वादावादीत समोरच्याला मूर्ख ठरवण्यासाठी फेकून मारली जातात. ती स्वतःला लावून घेतलेला कुणी अजून आमच्या पाहण्यात नाही.

सुभाषितांचेही आपण तेच केले. शाळेच्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात तारीख, वार, पटसंख्या आणि त्याखाली रंगीत खडूने सुविचार लिहायची आपली जुनी पद्धत. तो ज्या मुलाने लिहिला त्याचे अक्षर चांगले असे, एवढाच त्याचा आणि सुविचाराचा संबंध. आता हा फळा मोबाइलवर आला. सकाळी सातला फुलांच्या चित्रावर एक वचन येते, खाली कधी चाणक्याचे नाव असते, कधी बुद्धाचे, कधी विवेकानंदांचे. ते वचन त्यांचे आहे की नाही हे पाहायची गरज पाठवणाऱ्याला वाटत नाही आणि ते आपल्यासाठी असेल असेही त्याला वाटत नाही. ते सून, साडू, सोसायटीचा चेअरमन यांच्यासाठी असते.

दोष केवळ पाठवणाऱ्याचा म्हणता येत नाही. सूत्ररूप वचनात एक मोह मुळातच असतो. ते इतके नेटके असते की वाचताक्षणी कळले असे वाटते, आणि कळले असे वाटले की विचार थांबतो. आपल्याच म्हणी पाहा. गाव करी ते राव न करी, ही म्हण सहकारी संस्थेच्या उद्घाटनाला म्हणायची आणि ती संस्था बुडाली की बारभाईची शेती, काय लागेल हाती. मौनं सर्वार्थसाधनम्, हे गप्प बसून निभावले तेव्हाचे. गप्प बसल्याने हक्क गेला की न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. दोन्ही म्हणी खऱ्या आहेत, पण कोणती कुठे लागू करायची हे कोणतीच म्हण सांगत नाही. ते ठरवण्याचे काम आपल्या अकलेवर सोडलेले असते आणि म्हण पाठ असलेल्या माणसाला नेमके तेच उरकल्यासारखे वाटते. जुन्या लोकांना हे चांगले माहीत असावे, कारण त्यांनी म्हणी शिकवल्या नाहीत, वेळ आल्यावर वापरल्या.

आपल्याला न कळणाऱ्या भागाची जाहीर कबुली देणाऱ्याचे आपल्याकडे काय होते, ते हवामान खात्याला विचारावे. एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा अंदाज देताना खाते सरासरीच्या इतके टक्के असा आकडा देते आणि त्यालाच जोडून पाच टक्के उणे-अधिक होऊ शकेल असे सांगते. मेअखेरीला सुधारित अंदाज येतो, तेव्हा ही मर्यादा चार टक्क्यांवर येते. आपल्या अज्ञानाला माप लावून ते मथळ्याशेजारी छापायला देणारी दुसरी संस्था देशात सापडणे कठीण. बातम्या छापताना आम्ही तो उणे-अधिकचा तुकडा बहुधा गाळतो. मग वेधशाळेने पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरी ठेवा, हा विनोद करायला सगळे मोकळे. निवडणुकीच्या रात्री वाहिन्यांवर बसून कसल्याही उणे-अधिकाशिवाय निकाल सांगणारे मात्र पुढच्या निवडणुकीलाही त्याच खुर्चीत दिसतात.

इथे एक शंका घेतली जाईल आणि ती रास्त आहे. माणसाच्या बुद्धीला मर्यादा आहेत, हे वाक्य आजकाल सर्वांत मोठ्याने बुवाबाजीच्या मंडपात ऐकू येते. विज्ञानाला कुठे सगळे कळते, असे म्हणायचे आणि लगेच आमच्या महाराजांना कळते, असे म्हणायचे. चौकशीच्या कचाट्यात सापडलेल्या पुढाऱ्याला काहीच आठवत नाही आणि अधिकारी माहिती घेऊन सांगतो म्हणतात, त्यालाही नम्रता म्हणायची वेळ यायची. पण मर्यादा मान्य करणे म्हणजे पुढे शोधायचे सोडून देणे असा अर्थ समर्थांनी कुठेही लावलेला नाही. पाचव्या दशकात चमत्कार दाखवणाऱ्या गुरूंना त्यांनी सद्गुरूंच्या पंगतीत बसू दिले नाही आणि प्रचीतीवाचूनचे बोलणे त्यांना मुळीच चालत नाही. मला कळत नाही असे म्हणणारा शोधायला निघतो; कुणालाच कळत नाही म्हणून माझे ऐका, असे म्हणणारा दुकान मांडून बसतो. दोघांतला फरक ओळखणे अवघड नाही. दुसऱ्याच्या दारात पावतीपुस्तक असते.

आता परीक्षेकडे. केंद्राच्या फाटकावर परीक्षेच्या सकाळी उभे राहिले तर पालकांच्या आणि शिक्षकांच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येते: 'एकही प्रश्न सोडू नकोस, येत नसलं तरी काहीतरी लिही.' त्यामागचा हिशेब व्यवहाराचा आहे. तपासणाऱ्याला एखादा मुद्दा सापडला तर अर्धा गुण मिळतो. कोऱ्या जागेला काहीच मिळत नाही. म्हणून मुले लिहितात. प्रश्नच उलटून लिहितात, माहीत असलेल्या दुसऱ्या धड्याचे उत्तर इथे लावतात, प्रस्तावना लांबवतात. मागच्या बाकावरून कुणी 'सर, पुरवणी' म्हटले की पुढची चार मुले बिचकतात आणि अक्षर मोठे काढू लागतात. बारा वर्षे हे केल्यावर न कळलेल्या विषयावर दोन पाने भरण्याची कला अंगी मुरते. पुढे तिला वक्तृत्व म्हणतात, कधी सल्लागारी आणि कधी, आमच्या धंद्यात, स्तंभलेखन. अधिकार नसताना वक्तृत्वाचा शीण करणारा पढतमूर्ख गुरुकुलात तयार झाला असेल, पण त्याचे घाऊक उत्पादन आपण उत्तरपत्रिकेवर सुरू केले.

उलट बाजूला नीटची परीक्षा पाहावी. तिथे १८० प्रश्न आणि ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकीला एक वजा आणि सोडलेल्या प्रश्नाला शून्य. म्हणजे माहीत नसताना गप्प बसणे हे चुकीचे बोलण्यापेक्षा एका गुणाने श्रेष्ठ, असे कागदोपत्री मानणारी ही पद्धत आहे. ती काही शहाणपणासाठी आणलेली नाही. अंदाजपंचे खुणा करणाऱ्यांना आवरण्यासाठी आहे, आणि दोन पर्याय उडवून उरलेल्या दोनांत जुगार कसा खेळावा हे शिकवून क्लासवाल्यांनी तिचीही धार बोथट केली आहे. तरी जो डॉक्टर होणार आहे त्याला कळत नसेल तिथे हात न लावण्याची सवय एका गुणाच्या किमतीने का होईना लागते, हे बरेच म्हणायचे.

कोऱ्या कागदाला या प्रांतात एकदा फार मोठा मान मिळाला होता. योगसामर्थ्याने चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचे होते. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा तर ज्ञानाने ते मोठे. ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार लिहावा तर वय आड येते. मायनाच सुचेना, म्हणून त्यांनी कोरा कागद धाडला, अशी कथा आहे. एवढी वर्षे जगून हा कोरा तो कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाली म्हणतात. तिचा टोमणा महाराष्ट्राने लक्षात ठेवला, पण त्या कागदाला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या हेही लक्षात ठेवायला हवे. काहीतरी लिहून पाने भरणारे पत्र आले असते, तर चांगदेव पासष्टी झाली नसती. आपल्याला कुठे अडले हे चांगदेवांनी बिनशर्त कळवले, आणि ज्याला कळत होते त्याने बरोबर तिथूनच सांगायला सुरुवात केली. शिकवण्याची याहून चांगली पद्धत आम्हाला ठाऊक नाही.

परीक्षा मंडळाकडे म्हणूनच एक मागणी आहे. ती वेळापत्रकाची किंवा कॉपीमुक्तीची नाही; त्यांवर लिहून लिहून शाई संपली. मराठीच्या पेपरात पूर्वी एखादे सुवचन देऊन कल्पनाविस्तार करायला सांगत. मुले त्याला दोन दृष्टान्त आणि एक तात्पर्य चिकटवून मोकळी होत. त्या जागी यापुढे एक प्रश्न घालावा: दिलेल्या उताऱ्यात तुम्हाला न कळलेली एक गोष्ट लिहा आणि ती कळण्यासाठी काय विचारावे लागेल ते सांगा. त्याला दोन गुण ठेवावेत. सगळेच कळले असे लिहिणाऱ्याला शून्य द्यावे. या प्रश्नाचे नमुना उत्तर तपासनिसांना पुरवता येणार नाही आणि त्याचे गाइडही निघणार नाही. एवढी अडचण मंडळाने सोसावी आणि पुढच्या फेब्रुवारीपासून सुरुवात करावी.